पुठ्ठ्याचा मटका

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत एका लिलावात पुठ्ठ्याचा एक तुकडा १ कोटी २६ लाख डॉलरना विकला गेला. तळहातात मावेल एवढा तुकडा. त्यावर मिकी मॅन्टल नावाच्या बेसबॉलपटूचं चित्र, खांद्यावर पिवळी बॅट, मागे निळा रंग. छपाईचं साल १९५२. बातमी फिरली आणि ओळखीतल्या चार जणांनी मला अभिनंदनाचे मेसेज पाठवले, जणू ते कार्ड माझ्याच कपाटातून निघालं होतं. मी लहानपणापासून बेसबॉल कार्डं जमवते हे त्यांना माहीत आहे, आणि काहीही जमवणाऱ्या माणसाबद्दल लोकांना एकच प्रश्न पडतो : त्याचे आता किती येतील?

मला आनंद झाला नाही. राग आला. तो त्या कार्डावर नव्हता, विकणाऱ्यावर नव्हता आणि घेणाऱ्यावरही नव्हता. त्या आकड्याचं पोस्टर करून पुढे जो धंदा चालतो, त्यावर होता. माझं म्हणणं एका ओळीत सांगते. बेसबॉल कार्डं जमवणं हा छंद होता; आज त्याच नावाखाली जे चालतं त्यातला मोठा भाग जुगार आहे, आणि तो लहान मुलांना विकला जातो.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आम्ही बेसबॉल बघत नाही. ठीक आहे. पण तुमच्यातल्या कुणी शाळेत असताना आयपीएलची ‘क्रिकेट अटॅक्स’ कार्डं घेतली असतील. ती टॉप्स या अमेरिकन कंपनीची, जिने ते मॅन्टलचं कार्ड छापलं. कुणी फोनवरच्या फुटबॉल गेममध्ये खेळाडूंचे पॅक उघडले असतील. कुणाच्या बॅगेला बंद खोक्यातून निघालेलं लाबूबू लटकत असेल. आत काय आहे ते न सांगता विकायचं आणि ग्राहकाला पुन्हा यायला लावायचं, ही युक्ती पुठ्ठ्याच्या कार्डांवर शंभर वर्षं घोटली गेली आहे. तेव्हा संबंध आहे.

मी न्यू जर्सीला आले तेव्हा नऊ वर्षांची होते. साल १९८६. त्या शरद ऋतूत न्यूयॉर्क मेट्स वर्ल्ड सीरिज जिंकले आणि शाळेत दुसरा विषय नव्हता. मला इंग्रजी जेमतेम येत होतं. पुढच्या वर्षी टॉप्सचा सेट आला, लाकडी चौकटीसारखी कड असलेला, ७९२ कार्डांचा. मेणकागदाचा पॅक चाळीसेक सेंटना मिळायचा. कार्डाच्या पुढे फोटो आणि मागे त्या माणसाची अख्खी कारकीर्द बारीक आकड्यांत. दशांश अपूर्णांक मी तिथे शिकले. दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा फलंदाज तिथे मोठा मानला जातो, म्हणजे दहापैकी सात वेळा तो हात हलवत परत जातो, हेही तिथेच कळलं. नव्या देशात आलेल्या मुलीला याचा मोठा आधार वाटला होता.

त्याहून महत्त्वाची होती अदलाबदल. ७९२ पैकी उरलेली कार्डं पॅक फोडून कधीच पुरी होत नाहीत. डबल झालेली देऊन नसलेली घ्यावी लागतात. त्यासाठी समोरच्याशी बोलावं लागतं. मधल्या सुट्टीत माझ्याशी कुणी बोलत नसे. पण ज्याला हवं ते कार्ड माझ्याकडे आहे, त्याला बोलावंच लागे. कार्डांची माझ्या दृष्टीने तेव्हाची किंमत ही एवढी होती, आणि ती कुठल्याही किंमतपुस्तकात नव्हती.

किंमतपुस्तकं मात्र होती. जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने १९८४ मध्ये कार्डांच्या किमतींचं मासिक सुरू केलं होतं. आईने रद्दीत टाकलेल्या जुन्या कार्डांचे आता हजारो डॉलर येतात, या गोष्टी घरोघर पोचल्या. मग अमेरिकेने कार्डं टाकणं बंद केलं. सगळ्यांनी सगळं जपून ठेवलं, कंपन्यांनी मागणी बघून बेसुमार छापलं, आणि नव्वदीच्या सुरुवातीच्या त्या मालाला आज ‘जंक वॅक्स’ म्हणतात, म्हणजे मेणकागदातला कचरा. १९९४ साली खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सीरिज रद्द झाली आणि फुग्यातली उरलीसुरली हवा गेली.

त्या काळातली माझी कार्डं अजून तळघरात आहेत. बाजारभावाने ती खोक्यासकट कवडीमोल आहेत. मला ती यासाठीच आवडतात. ती हाताळता येतात, पसरता येतात, कुणा पोराला मूठभर देता येतात. कुणी त्यांच्याकडे बघून आकडेमोड करत नाही.

आता दुर्मीळतेबद्दल बोलू, कारण सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. १९५२ चं मॅन्टल कार्ड दुर्मीळ झालं ते अपघाताने. त्या सेटची शेवटची खेप हंगाम संपत आला तेव्हा बाजारात आली आणि खपली नाही. टॉप्समध्ये हा सेट घडवणाऱ्या साय बर्गरने पुढे स्वतःच सांगितलं की गोदामात पडून राहिलेली खोकी त्याने १९६० च्या सुमारास कचऱ्याच्या बोटीत भरून अटलांटिक समुद्रात बुडवली. जी विकली गेली होती त्यांतली कितीतरी पोरांनी सायकलच्या तारांत अडकवली, रबरबँड लावून दप्तरात कोंबली, भिंतीवर टाकून खेळली. जी उरली ती वापरातून उरली. त्यांच्या कमीपणामागे लोकांचं जगणं होतं.

आजची दुर्मीळता घडत नाही, छापली जाते. तेच चित्र, तोच खेळाडू. एक प्रत साधी, एक निळ्या कडेची, एक सोनेरी कडेची, त्यावर ‘५० पैकी १२’ असा आकडा. आणि शेवटी ‘१ पैकी १’, जगात एकच. माइक ट्राउटचं २००९ चं असं एकमेव कार्ड ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख डॉलरच्या वर गेलं. कारखान्यात रंग बदलून बनवलेला हा एकटेपणा आहे. त्यात ना पोरांचे हात आहेत, ना काळ. आहे ती फक्त शक्यता : तुमच्या पॅकमध्ये निघेल, किंवा निघणार नाही.

मग आली प्रतवारी. १९९१ मध्ये पीएसए ही कंपनी निघाली. तुम्ही कार्ड पाठवायचं, ते तपासून एक ते दहा गुण देणार आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवणार. या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. कोट्यवधींच्या कार्डाला खरेखोटेपणाचा दाखला हवा, हे मला मान्य आहे. पण त्या दाखल्याची कुंडली ऐका. पीएसएने सगळ्यात पहिलं तपासलेलं कार्ड होतं १९०९ च्या सुमाराचं होनस वॅग्नरचं सिगारेट कार्ड, बेसबॉल कार्डांमधला कोहिनूर. त्याला दहापैकी आठ गुण मिळाले. २०१३ साली बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने कापून नीट केल्या होत्या. कापलेल्या कार्डाला असे गुण मिळायलाच नकोत. म्हणजे या व्यवस्थेचा श्रीगणेशाच कापलेल्या कार्डावर झाला आहे.

तरीही आज स्लॅबशिवाय पान हलत नाही. नऊ आणि दहा गुणांतला फरक नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण किमतीत अनेक पटींनी दिसतो. म्हणून लोक नऊची डबी फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवतात, कदाचित या खेपेला दहा मिळतील. आधी पॅक हा जुगार होता. आता कार्ड हाती लागल्यावरही दुसरा डाव सुरू होतो. २०२१ च्या वसंतात पीएसएकडे इतकी कार्डं साचली की त्यांना काही काळ नवीन कार्डं घेणं थांबवावं लागलं. त्याच मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या एका टार्गेट दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी होऊन पिस्तूल निघालं, आणि टार्गेटने दुकानांतली कार्डविक्री थांबवली. पुठ्ठ्यासाठी पिस्तूल निघतं तेव्हा भांडण पुठ्ठ्याचं नसतं, हे समजायला फार हुशारी लागत नाही.

पण माझा खरा रोख ‘ब्रेक’ या प्रकारावर आहे. ऐकून माहीत नसेल तर सांगते. एक माणूस फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसतो. त्याच्यापुढे महागड्या कार्डांचं सीलबंद खोकं. ते तुम्ही विकत घेत नाही. तुम्ही त्यातली एक ‘जागा’ घेता, म्हणजे एक संघ. त्या संघाची जेवढी कार्डं निघतील ती तुमची. बऱ्याचदा संघही तुम्ही निवडत नाही, पडद्यावर चक्र फिरतं आणि ते ठरवतं. मग तो माणूस भराभर पॅक फाडतो, ओरडतो, घंटा वाजवतो. तुमच्या संघाचं काही निघालं नाही तर तुम्हाला काहीही मिळत नाही. निघालेली साधी कार्डंही पुष्कळदा कुणाला पाठवली जात नाहीत. टपालखर्च परवडत नाही म्हणे.

मुंबईच्या मटक्याची सुरुवात आठवा. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, यावर मुंबईत पैसे लागायचे. पुढे ते आकडे मिळेनासे झाले, तर धंदा थांबला नाही. मडक्यातून आकडे काढायला लागले. कापूस गेला, आकडा राहिला, आणि कुणाला कापसाची आठवणही आली नाही. ब्रेकमध्ये नेमकं हेच झालं आहे. बेसबॉल गेला, आकडा राहिला.

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. तो मला शिकवतो, “मावशी, आधी हिट बघायचा, बाकीचा बेस टाकून द्यायचा.” हिट म्हणजे सहीचं किंवा आकडा छापलेलं कार्ड, बेस म्हणजे उरलेली सगळी माणसं. तो पॅक फोडतो तेव्हा कार्डांची पुढची बाजू पूर्ण बघत नाही, मागची तर नाहीच. फक्त कड तपासतो, रंग वेगळा आहे का. एका दुकानात मी पाहिलं, काउंटरखाली कचऱ्याची पेटी होती आणि ताज्या छापील खेळाडूंनी भरलेली होती. मी विचारलं तर दुकानदार म्हणाला, हवी तर घेऊन जा. मी घेऊन आले. त्यात पहिल्याच हंगामात पोचलेली पोरं होती. गावाकडून येऊन, बसने फिरून, खालच्या लीगमध्ये वर्षं काढून आयुष्यातलं पहिलं कार्ड मिळालेली. त्यांच्या आईने फ्रेम केलेलं तेच कार्ड इथे पेटीत.

आता कुणी म्हणेल, याला जुगार म्हणायचा अधिकार तुला कुणी दिला, न्यायालयाने तर म्हटलं नाही. खरं आहे. २००२ साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयासमोर असा दावा होता की पॅकमध्ये दुर्मीळ कार्डांचं आमिष ठेवणं हा बेकायदा जुगार आहे. न्यायालय म्हणालं, ग्राहकाने पॅकचे पैसे दिले, त्याला पॅक मिळाला; मनासारखं कार्ड निघालं नाही ही निराशा आहे, कायद्यातलं नुकसान नव्हे. दावा फेटाळला गेला. पण त्या युक्तिवादाचा पाया बघा : पैसे दिले, कार्डं मिळाली. ब्रेकमध्ये पैसे देऊन एकही कार्ड न मिळणं हा रोजचा प्रकार आहे. ज्या दगडावर निकाल उभा होता, तो दगडच इथे नाही. बेल्जियमने २०१८ साली व्हिडिओ गेममधल्या अशाच बंद पेट्यांना जुगाराचा कायदा लावला. भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्या कायद्यांच्या गुणदोषांवर वाद होऊ शकतो. पण चक्र फिरवून पैसे घेणाऱ्याला जुगारी म्हणायला जगाने सुरुवात केली आहे; फक्त पुठ्ठ्याला अजून छंदाची सवलत आहे.

आणि ही सवलत कुणाच्या फायद्याची? ऑगस्ट २०२१ मध्ये मेजर लीग बेसबॉल आणि खेळाडूंच्या संघटनेने कार्डांचे पुढचे हक्क टॉप्सकडून काढून फॅनॅटिक्स या कंपनीला द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्सने सुमारे ५० कोटी डॉलर मोजून टॉप्सचा कार्डांचा धंदाच घेतला. २०२३ मध्ये त्यांनी ब्रेकसाठी स्वतःचा लाइव्ह मंच काढला आणि कार्डांची एक मोठी लिलावपेढीही घेतली. त्यांचं खेळांवर सट्टा लावायचं अ‍ॅपही आहे. पानिनी या स्पर्धक कंपनीने त्यांच्यावर मक्तेदारीचा खटला भरला. दुसऱ्या बाजूला पीएसएच्या मालक कंपनीने २०२४ मध्ये एसजीसी ही स्पर्धक प्रतवारी कंपनी विकत घेतली. छापणारा, फोडणारा आणि विकणारा एका छताखाली, आणि गुण देणारे दोघे दुसऱ्या. यात काही बेकायदा आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या दुकानात वजनकाटा, माल आणि गिऱ्हाईक तिन्ही मालकाच्या हातात असतात, तिथे आपली आजी पिशवी घट्ट धरून उभी राहिली असती.

मोठ्या बक्षिसाच्या गोष्टी या धंद्याची जाहिरात फुकटात करतात. २०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिसमधल्या ११ वर्षांच्या मुलाला पॉल स्कीन्सचं ‘१ पैकी १’ कार्ड निघालं. पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्याबदल्यात ३० वर्षांची हंगामी तिकिटं देऊ केली. कुटुंबाने लिलाव निवडला आणि मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख डॉलरच्या वर गेलं. त्या मुलाचं मला कौतुकच आहे. त्याने काही वाईट केलं नाही. पण लॉटरीच्या दुकानावर जिंकणाऱ्याचा फोटो लावतात, हरणाऱ्यांचे लावायला भिंत पुरत नाही. त्या नाताळात तसेच पॅक फोडून काहीच न निघालेल्या मुलांची बातमी झाली नाही.

आक्षेप मला पाठ आहेत. पहिला : बाई, हे तुमचं वयाचं रडगाणं आहे. नाही. जुना काळ सोन्याचा होता असं मी म्हणत नाही. पॅकमधलं च्युइंगगम भिकार होतं आणि शेवटच्या कार्डावर डाग पाडायचं. कार्डांच्या दुकानात मुलगी शिरली की मालक विचारायचा, भावासाठी घ्यायचंय का? आज ते कमी झालं आहे, चांगलं झालं.

दुसरा : कार्डं पहिल्यापासून धंद्यासाठीच होती. अगदी बरोबर. १८८० च्या दशकात ती सिगारेटच्या पाकिटात यायची, पाकीट ताठ राहावं आणि गिऱ्हाईक परत यावं म्हणून. पण याच इतिहासात होनस वॅग्नर आहे. त्याने आपलं कार्ड छापायला हरकत घेतली, म्हणून ते थोडंच छापलं गेलं. कारणाबद्दल वाद आहे. कुणी म्हणतं त्याला पैसे हवे होते, कुणी म्हणतं कार्डांपायी पोरांनी सिगारेट घेऊ नये असं त्याला वाटत होतं. दुसरं कारण खरं असेल तर या छंदातलं सर्वांत मानाचं कार्ड दुर्मीळ आहे ते एका माणसाने मुलांना नादाला लावायला नकार दिला म्हणून. २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरना गेली. नकाराचाही भाव काढला आपण.

तिसरा : ज्याचे पैसे तो बघेल. मोठ्यांचं ठीक आहे. बारा वर्षांच्या मुलाचे पैसे त्याचे नसतात आणि त्याला शक्यतेचं गणितही येत नसतं. पॅकवर शक्यता छापलेल्या असतात, हे उत्तर मला पुरत नाही. सिगारेटच्या पाकिटावरही फोटो असतो, म्हणून आपण ती शाळेच्या दारात विकू देत नाही.

जमवणं म्हणजे काय, हे मला जेफरसन बर्डिक नावाच्या माणसाने दाखवलं. हा सिरॅक्यूसचा कारखान्यातला कामगार. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. आजही जुन्या कार्डांना जी सांकेतिक नावं आहेत ती त्याच्या सूचीतली. त्याने तीन लाखांहून अधिक छापील वस्तू जमवल्या, त्यांत सुमारे तीस हजार बेसबॉल कार्डं, आणि सगळ्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकल्या. तिथे बसून वर्षानुवर्षं तो स्वतः ती वहीत चिकटवत राहिला. १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं आणि दोन महिन्यांनी वारला. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ज्यांनी दिवे आणि अडकित्ते पाहिले आहेत, त्यांना ही जात ओळखीची वाटेल. चिकटवलेल्या कार्डाला बाजारात काय भाव येईल, असा विचार ज्याच्या हाताला शिवला नाही, तो जमवणारा.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. ब्रेकला जुगाराचे नियम लावा, अठरा वर्षांखालच्यांना दार बंद करा. छापणाऱ्याने प्रतवारीत आणि लिलावात असू नये. आणि बातमीदारांनो, पुढच्या वेळी कुणाला दशलक्ष डॉलरचं कार्ड निघालं तर खाली एक ओळ लिहा, तसे किती पॅक फुटले.

तुमच्याकडून एवढंच हवंय. बंद खोकं घ्यायचं तर घ्या, पण त्याला नाव खरं द्या. आणि कुठलंही कार्ड हातात आलं तर टाकण्याआधी एकदा उलटं करून मागची बाजू वाचा. तिथे एका माणसाने केलेलं काम लिहिलेलं असतं.